चाकरी द्या, गादी देऊ नका!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्याच्या रविवार पेठेतून किंवा लक्ष्मी रस्त्यावरून फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य आजही पाहावयास मिळते. दुकानात संगणक आहे, हिशेब त्यातच होतो, पैसे मोबाइलवरून जमा होतात; तरीही पाटावर कोरी वही ठेवून मालक तिच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने 'श्री' काढतो. ते काम तो नोकरावर सोपवीत नाही. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. या वहीत जे लिहिले जाईल त्याला मी जबाबदार आहे, अशी ती कबुली असते. आज लहान व्यापाऱ्यापुढे जो नवा प्रश्न उभा ठाकला आहे, त्याचे उत्तर या कबुलीतच आहे असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले तेव्हा तो विद्यापीठांचा आणि बड्या कंपन्यांचा विषय वाटत होता. आता तो भोसरीच्या लहान कारखानदाराच्या, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेत्याच्या आणि घरच्या घरी मसाले करून विकणाऱ्या भगिनीच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला आहे. विकणारे सांगतात, 'हे घ्या, नाहीतर बुडाल!' भिणारे सांगतात, 'हे घ्याल, तर बुडाल!' दोहोंकडून बुडण्याचीच भाषा ऐकून दुकानदार गोंधळून गेला असल्यास नवल नाही. म्हणूनच हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हे साधन नाकारण्यात शहाणपण नाही. मोठ्या कंपनीत पत्रव्यवहाराला एक खाते, जाहिरातीला दुसरे आणि कायद्याला तिसरे असते. लहान धंद्यात ही सारी खाती एकाच माणसाच्या डोक्यात असतात आणि त्यांचे काम रात्री दुकान बंद झाल्यावर सुरू होते. ज्याचा हात लेथवर सफाईने चालतो, तो चेन्नईच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत चार ओळी लिहिताना अडखळतो, आणि आलेली मागणी हातची जाते. त्याच्या कसबात उणे काही नव्हते. उणी होती ती परकी भाषा. असा मनुष्य आज मराठीत आपले म्हणणे सांगून घटकाभरात पत्राचा मसुदा, दरपत्रकाची मांडणी किंवा जाहिरातीचा मजकूर तयार करवून घेऊ शकतो. ज्यांना आजवर भाषेने मागे ठेवले त्यांना ही मोठीच सोय आहे, आणि तिला नाके मुरडण्याचा अधिकार इंग्रजी शिकून पुढे गेलेल्या आम्हां मंडळींना तर मुळीच नाही.

नव्या साधनाविषयीचा संशय आपल्याकडे नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत. पुढे तोच नांगर घरोघर गेला. हा दाखला नव्या यंत्रांचे पुरस्कर्ते आवडीने देतात. परंतु त्यात एक भेद आहे आणि तो ते सांगत नाहीत. नांगराचा फाळ बोथट असेल तर ते तासातच दिसते. या यंत्राची चूक मात्र दिसत नाही. कारण ते चुकते तेव्हाही तितक्याच सफाईने आणि तितक्याच आत्मविश्वासाने बोलते.

याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. खरे-खोटे पारखणे हा त्याचा मूळ धर्म नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेरमांडणी झाली आणि पूर्वी १२ टक्के कर असलेला बहुतेक माल ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीच्या मजकुरावर पोसलेले साधन जुनाच दर छातीठोकपणे सांगण्याचा संभव असतो. त्यावर विसंबून बिल फाडणाऱ्या दुकानदाराला नोटीस आली, तर 'यंत्राने सांगितले' हे उत्तर कोणता अधिकारी ऐकून घेईल?

हे अधिकारी तरी या मोहापासून अलिप्त आहेत काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीची आयकर आकारणी रद्द केली. तिच्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते! अशा साधनांनी पुढे केलेले निष्कर्ष पडताळून न पाहता वापरू नयेत, असे न्यायालयाला या निमित्ताने बजावावे लागले. कॅनडातील प्रकार याहून बोधप्रद आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला, आजीच्या निधनानिमित्त केलेल्या प्रवासाची सवलत मागाहून मागता येईल, असे चुकीचे सांगितले. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा, यंत्राच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला आणि सुमारे ८१२ डॉलर भरण्याचा हुकूम झाला.

एवढ्या रकमेने विमान कंपनी बुडत नाही. परंतु आमच्या पेठेतल्या दुकानदाराचे काय? त्याच्याजवळ ना जाहिरातीचे कोट्यवधी रुपये, ना वकिलांची फौज. त्याचे खरे भांडवल एकच, ते म्हणजे त्याची पत. 'त्यांनी सांगितले ना, मग झाले', हे गिऱ्हाइकाचे वाक्य मिळवायला बापाचे आणि आजोबांचे आयुष्य खर्ची पडलेले असते. ते वाक्य जर यंत्राच्या तोंडी गहाण पडले, तर वाचलेल्या दोन तासांचा हिशेब फार महाग पडेल.

गिऱ्हाइकाचा विश्वास दुसऱ्याही वाटेने गळू शकतो. उधारीच्या याद्या, लोकांचे दूरध्वनी क्रमांक, औषधाच्या चिठ्ठ्या अशा गोष्टी परक्याच्या यंत्रात बिनदिक्कत ओतल्या जात आहेत. सॅमसंगसारख्या कंपनीला आपली गुप्त माहिती अशी बाहेर गेल्याचे आढळल्यावर २०२३ मध्ये नोकरवर्गावर बंदी घालावी लागली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा नसता तरी, गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, हे व्यापाऱ्याला ठाऊक असायला हवे.

आणखी एका माणसाचा विचार येथे केला पाहिजे. तो म्हणजे दुकानात नुकताच लागलेला, वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलगा. पत्रे लिहिणे, बिले तपासणे अशा सामान्य कामांतूनच तो धंदा शिकतो. तीच कामे यंत्राला देऊन मुलाला घरी बसवले, तर पुढे यंत्राची चूक ओळखणारा माणूस आणायचा कोठून? आम्ही एके काळी वर्गात गणित शिकवले आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उत्तर उतरवणारा विद्यार्थी वहीत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. फळ्यापाशी बोलावले की त्याची गाळण उडते. रीत ज्याला येते, त्यालाच उत्तराचा उपयोग. तेव्हा मुलाला काढू नका. यंत्राने लिहिलेले तपासण्याचे काम त्याला द्या.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी १० हजार ३०० कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. यांतले चार पैसे लहान व्यापाऱ्याच्या शिक्षणावर खर्च व्हावेत, तेही त्याच्या भाषेत, ही मागणी अवास्तव नाही. १९३४ पासून उभ्या असलेल्या मराठा चेंबरसारख्या संस्थेने आणि पेठापेठांतील व्यापारी मंडळांनी याबाबत पुढाकार घ्यावा. कोणते साधन कशाला चांगले, त्याच्या करारात काय लिहिले आहे, दिलेली माहिती कोठे जाते, हे एकट्या दुकानदाराला कळणे कठीण. संघटनेला ते कठीण नाही.

आणि दुकानदाराने स्वतः काय करावे? एका वेळी एकच कंटाळवाणे काम यंत्राकडे द्यावे. महिनाभर त्याचा प्रत्येक शब्द तपासावा. दर, मुदत, हमी आणि कर या चार गोष्टी यंत्राच्या भरवशावर कधीही सोडू नयेत. गिऱ्हाइकाचे नाव-गाव त्याला सांगू नये. आणि जे पत्र आपण वाचले नाही त्यावर आपली सही करू नये.

होतकरू गडी दारात आला आहे. तो चपळ आहे, थकत नाही, आणि मधूनमधून धडधडीत खोटे बोलतो. अशा गड्याला चाकरी जरूर द्यावी. पण गादीवर बसवू नये. वहीच्या पहिल्या पानावरचा 'श्री' ज्याने काढला, त्यानेच शेवटच्या पानाचाही जबाब द्यायचा असतो!