पतंग मोजणे सोपे, शिवार जोडणे अवघड

छायाचित्रावरून कीड ओळखणारे ॲप, सापळ्यातील पतंग मोजणारा कॅमेरा, फवारणी करणारा ड्रोन अशी अनेक साधने तंत्रज्ञान उद्योगाने गेल्या काही वर्षांत शेतीसाठी पुढे आणली आहेत. त्यांतील कित्येक खरोखर उपयुक्त आहेत. आक्षेप साधनांवर नाही, त्यांच्यामागील गृहीतकावर आहे. शेतकऱ्याला अचूक माहिती वेळेवर मिळाली की समस्या सुटते आणि शासकीय यंत्रणा ही या वाटेवरील शक्यतो टाळावयाची अडचण आहे, असे ते गृहीतक. कापसावरील गुलाबी बोंडअळीचा इतिहास या गृहीतकाला आधार देत नाही.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. अळीत प्रतिकारक्षमता निर्माण होऊ नये म्हणून बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे आश्रयपीक, म्हणजेच ‘रेफ्युजी’, लावणे बंधनकारक होते. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. बहुतांश शेतकऱ्यांनी ते पेरलेच नाही. दोन जनुकांच्या वाणांनाही दाद न देणारी अळी आधी गुजरातेत आढळली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूसपट्ट्याचे मोठे नुकसान झाले.

याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. दोन एकरांच्या धन्याला आश्रयपिकातील घट स्वतः सोसावी लागते. प्रतिकारक्षमता लांबल्याचा लाभ मात्र साऱ्या परिसराला मिळतो. शेजारी तो पट्टा लावणार नसेल, तर त्याने एकट्याने का लावावा? फरदडीचेही तेच. डिसेंबरनंतर पीक उभे ठेवले की अळीला खाद्य मिळत राहते, हे ठाऊक असूनही हाती येणारे दोन क्विंटल सोडून देणे कुटुंबाला परवडत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले की उपाययोजना करावी, हे ॲप अचूक सांगेल. पण साऱ्या शिवाराने ठरावीक मुदतीत पऱ्हाटी उपटावी, हे घडवून आणणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हीच कीड अमेरिकेच्या कापूसक्षेत्रातून नष्ट झाल्याचे तेथील कृषी विभागाने २०१८ मध्ये जाहीर केले. तेथेही बीटी कापूसच होता. मात्र त्याच्या जोडीला वंध्य पतंगांचे प्रसारण, सापळ्यांचे सर्वेक्षण, पऱ्हाटी नष्ट करण्याच्या सक्तीच्या मुदती, उत्पादकांची वर्गणी आणि मेक्सिकोशी समन्वय होता. तेथील मोठी शेते आणि आपली तुकड्यांची जमीन यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे; म्हणून तो कार्यक्रम जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण तंत्र तेच असूनही परिणाम इतका वेगळा का, याचे उत्तर बियाण्याइतकेच सामूहिक व्यवस्थेतही शोधावे लागते.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात संगणकीय प्रणाली महत्त्वाची होतीच; परंतु गावोगावच्या शेतांत जाऊन निरीक्षणे नोंदविणारी माणसे, त्यावरून सल्ला देणारी विद्यापीठे आणि संशोधन संस्था, आणि तो सल्ला पोहोचविणारा कृषी विभाग यांच्यावाचून ती प्रणाली रिकामी राहिली असती.

उद्योगाची शासनाविषयीची तक्रार निराधार नाही. रिक्त पदे, उशिरा पोहोचणारे सल्ले आणि कागदी अहवाल यांचा अनुभव विस्तार कार्यकर्त्यांना पुरेपूर आहे. तथापि, दुबळ्या यंत्रणेला वळसा घातल्याने ती सबळ होत नाही. अनुदान किंवा गुंतवणूक संपताच ॲप बंद पडू शकते. गुलाबी बोंडअळी मात्र पुढच्या हंगामात परत येते.

म्हणून कोणतेही नवे साधन गावात येताना त्याच्या अचूकतेपलीकडचे तीन प्रश्न विचारले जावेत. याचा लाभ होण्यासाठी शेजाऱ्यानेही काही करणे आवश्यक आहे काय? असल्यास, त्याला त्यासाठी कोण तयार करणार आणि त्याच्या तोट्याची भरपाई कोण करणार? गोळा झालेली निरीक्षणे कंपनी निघून गेल्यावर गावाच्या व कृषी विभागाच्या हाती राहतील काय? ज्या साधनाचे निर्माते या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देतील, त्याचे स्वागत व्हावे. ज्यांना हे प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचे वाटतात, त्यांनी किडीची केवळ मोजणी केली आहे. तिच्या बंदोबस्ताचे काम अजून सुरूच व्हायचे आहे.