अँग्विलाची निवडणूक : मत हाती आले, सत्ता किती आली?

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणाऱ्या कितीतरी कंपन्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट एआय’ने संपतो. ही दोन अक्षरे मुळात अँग्विला नावाच्या एका बेटाच्या वाट्याला आलेली आहेत. कॅरिबियन समुद्रातले हे बेट जेमतेम ९१ चौरस किलोमीटरचे, वस्ती साधारण १६ हजार. म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजारपेठेचे गाव. ब्रिटनच्या ताब्यातल्या या प्रदेशात २६ फेब्रुवारी २०२५ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. आपल्याकडे तिची चर्चा झाली नाही. पण मतपेटीतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी निकाल पाहू. तिथल्या विधिमंडळात लोकांनी निवडून द्यायच्या ११ जागा आहेत. त्यातल्या सात मतदारसंघांच्या, तर चार जागांसाठी सबंध बेट मिळून मतदान करते. २०२० मध्ये अँग्विला प्रोग्रेसिव्ह मूव्हमेंटला सात जागा होत्या आणि एलिस वेब्स्टर प्रीमियर, म्हणजे शासनप्रमुख होते. या वेळी त्यांच्या पक्षाला तीनच मिळाल्या. अँग्विला युनायटेड फ्रंटने आठ जागा जिंकल्या आणि कोरा रिचर्डसन-हॉज या बेटाच्या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. गुलामांच्या वंशजांनी शांतपणे एक सरकार खाली उतरवले आणि एका स्त्रीच्या हाती कारभार दिला. ही गोष्ट छोटी नाही.

आता दुसरी बाजू. बेटावर गव्हर्नर असतो आणि त्याची नेमणूक लंडनहून होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, पोलीस व अंतर्गत सुरक्षा, आंतरराष्ट्रीय वित्तसेवा आणि सरकारी नोकरवर्ग हे विषय त्याच्याकडे. सरकारने कर्ज किती काढायचे, याच्या मर्यादा ब्रिटनशी झालेल्या करारात ठरतात. ब्रिटिश संसदेत अँग्विलाचा एकही खासदार नाही. टर्क्स आणि कैकोस बेटांवर तर २००९ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर ब्रिटनने राज्यघटनेचा काही भाग स्थगित केला, लोकनियुक्त सरकार बाजूला सारले आणि २०१२ पर्यंत गव्हर्नरमार्फत थेट कारभार केला. भ्रष्टाचाराला शिक्षा हवीच. पण भ्रष्ट मंत्र्यांबरोबर सबंध जनतेचा मताधिकारही गुंडाळून ठेवता येतो, हे त्यातून दिसले.

मग इतक्या लहान बेटाला स्वतःचे विधिमंडळ तरी कसे मिळाले? ते कुणी दान दिलेले नाही. वसाहतीच्या सोयीसाठी ब्रिटनने अँग्विलाला सेंट किट्स या दुसऱ्या बेटाच्या दावणीला बांधले होते. १९६७ मध्ये लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून परत पाठवले. ११ जुलैला सार्वमत घेतले. वेगळे होण्याच्या बाजूने १,८१३ मते, विरोधात फक्त पाच. १९ मार्च १९६९ रोजी ब्रिटनने तिथे छत्रीधारी सैनिक उतरवले. लोकांनी गोळी झाडली नाही, पण माघारही घेतली नाही. शेवटी १९८० मध्ये वेगळे होणे अधिकृत झाले.

मला समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून पडलेला प्रश्न असा : हे धैर्य आले कुठून? १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा भरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना. गुलामांना छदाम मिळाला नाही. अँटिग्वा, बार्बाडोससारख्या बेटांवर जमीन मळेवाल्यांकडेच राहिली आणि ‘मुक्त’ माणसे पोटासाठी त्याच मळ्यांवर मजुरीला गेली. अँग्विलाची जमीन खडकाळ, पाऊस अपुरा. मळे तोट्यात गेले, मालक निघून गेले आणि जमिनीचे तुकडे मुक्त झालेल्या लोकांच्या हाती आले. त्या जमिनीवर पोट भरत नव्हते. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ऊसतोडीला जावे लागे. तरी परतून यायला स्वतःचे घर आणि जमीन होती. कुणाच्या उंबऱ्यावर उभे राहायचे नसले की माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. सार्वमतातल्या त्या १,८१३ मतांच्या मुळाशी हेही आहे.

आपल्याला हे नवे नाही. बाबासाहेब १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधिमंडळावर निवडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू दिली, तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल.

आज अँग्विलाच्या हाती जमिनीसारखेच दुसरे साधन आले आहे, ते म्हणजे ‘डॉट एआय’. २०२३ मध्ये या पत्त्यांच्या नोंदणीतून सरकारला सुमारे ३.२ कोटी अमेरिकी डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या वीस टक्क्यांहून अधिक. पर्यटनावर जगणाऱ्या आणि २०१७ च्या इर्मा चक्रीवादळात मोडून पडलेल्या बेटासाठी हा मोठा आधार आहे. नव्या सरकारची खरी परीक्षा इथेच आहे. हा पैसा शाळा, दवाखाने आणि वादळात टिकणाऱ्या घरांत गेला, तर लंडनपुढे हात पसरण्याची वेळ कमी येईल. चार वर्षांच्या सवलतींत उडाला आणि उद्या या पत्त्यांची मागणी ओसरली, तर पुन्हा गव्हर्नरच्या दारात उभे राहावे लागेल.

वस्तीत काम करताना तरुण मला विचारतात, “ताई, मत देऊन काय होतं?” अँग्विला त्याचे उत्तर देते. मताने सरकार बदलते. पण ते सरकार कुणापुढे वाकणार, हे मत देणाऱ्याच्या पायाखाली काय आहे यावर ठरते. म्हणून मतदार यादीत आपले नाव आहे का, हे जरूर तपासा. आणि त्याच दिवशी हेही तपासा की आपल्या वस्तीतली किती घरे स्वतःच्या नावावर आहेत.