बाटली आणि अब्रू

काही विषय असे असतात की, ते घरोघर चालतात. परंतु मासिकाच्या पानावर येताच सभ्य गृहस्थांच्या भुवया वर चढतात. विमानप्रवासात मद्याची बाटली सामानातून सुरक्षित कशी न्यावी, हा त्यांपैकीच एक होय. आमचा हा लेख लिहिण्याचा बेत कानी येताच आमच्या एका स्नेह्यांनी, "अहो, सरस्वतीच्या मंदिरात हे काय आणता?" अशी पृच्छा केली. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, मंदिरात बाटली आणण्याची आमची इच्छा नाही; बाटलीबरोबर जो खोटेपणा बांधला जातो, त्याची गाठ तेवढी आम्हांस सोडावयाची आहे.

या विचारास निमित्त झाले ते आमच्या नाशकातील द्वारका चौकात. मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता जेथे मिळतात, तेथे पहाटेपासून उतारूंची गर्दी असते. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या एका गाडीत एक पोरगा सामान लावीत होता. एक मोठी बॅग त्याच्या हातून निसटली, आत काही खळकन् वाजले आणि बॅगेच्या कोपऱ्यातून लाल धार लागली. "बॅग कुणाची?" असे चालकाने तीनदा विचारले. उतारूंपैकी कोणी हूं की चूं केले नाही. पोराने बॅग उचलावयास तळाशी हात घातला, तो कापडातून बाहेर आलेली काच त्याच्या तळव्यात शिरली. अखेर बॅगेवरील चिठ्ठीने मालक उघडा पडला. गृहस्थ प्रतिष्ठित, शेजारी व्याही व विहीणबाई उभ्या. ते म्हणाले, "कोणी तरी आमच्या बॅगेत ठेवली असावी." बाटली निघाली एका नऊवारी लुगड्याच्या घडीतून, अगदी तळाशी, बॅगेच्या भिंतीला टेकलेली.

या प्रसंगात कोणाला मद्यपानाचा दोष दिसेल, कोणाला पोराचा हलगर्जीपणा. आम्हांस दिसला तो तिसराच दोष. लपविण्यास जी जागा उत्तम, तीच जपण्यास अधम असते. तळ आणि कडा येथे नजर पोहोचत नाही, म्हणून बाटली तेथे जाते; आणि धक्का पहिल्याने पोहोचतो तो तळाला व कडेलाच. गृहस्थांनी ती बाटली जपली असती, तर ती कपड्यांच्या मध्यभागी असती. त्यांनी ती लपविली, आणि त्यांच्या लाजेची किंमत एका गरीब पोराच्या तळहाताने दिली.

बाटली विमानात हवेच्या दाबाने फुटते, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. तो निराधार आहे. प्रवासी विमानाच्या पोटातील सामानाच्या कोठीतही हवेचा दाब राखलेला असतो. तो समुद्रसपाटीच्या दाबाहून सुमारे पावपट कमी भरतो, इतकेच. फेसाळ द्राक्षमद्याची बाटली आतून पाच-सहा वातावरणांचा दाब निमूटपणे सोसते. तिला या पावपटीचे काय? गळते ती अर्धी रिकामी, पुन्हा बूच लावलेली बाटली, कारण तिच्यातील हवा प्रसरण पावते. फुटते ती मात्र आपटण्याने, आणि काचेवर काच आदळल्याने. म्हणजे दोष आकाशाचा नाही, बांधणाऱ्याचा आहे.

लपविणे हे मुळात व्यर्थही आहे. विमानात चढणारी प्रत्येक बॅग क्ष-किरणांखालून जाते, आणि त्या किरणांपुढे लुगड्याची घडी काय नि काश्मिरी शाल काय, सारखीच पारदर्शक. म्हणजे ज्या शासनापासून लपवावे त्याला ती दिसते, आणि ज्या हमालाला दिसावी त्याच्यापासून ती लपते! याहून वाईट युक्ती म्हणजे मद्य पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून नेणे. ती गळते, आणि तहानलेले पोर ती पाणी समजून तोंडाला लावण्याचा संभव असतो, तो निराळाच.

वस्तुतः नियम लपवाछपवीची गरज ठेवीत नाहीत. 24 टक्क्यांहून अधिक व 70 टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेले पेय दुकानातील मूळ बंद वेष्टनात, दर प्रवाशास 5 लिटरपर्यंत नेता येते. 70 टक्क्यांपलीकडचे सर्वथा वर्ज्य. द्राक्षमद्यात मद्यार्क साधारणपणे 12 ते 14 टक्केच असतो. पाऊण लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर; एवढ्याने कोणाही सभ्य माणसाचे समाधान व्हावे. परदेशाहून येणाऱ्यास 2 लिटरपर्यंत जकात माफ आहे. मात्र विमानाचा नियम वेगळा आणि राज्याचा कायदा वेगळा. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू असून मद्य बाळगण्यास परवाना लागतो. गोव्याहून स्वस्त बाटली आणणाऱ्यास त्याचा विसर पडतो. आमच्या पेठ-सुरगाण्यापलीकडे गुजरातची हद्द लागली की दारूबंदीच आहे. परवाना व पावती खिशात असेल, तर लुगडे कशाला हवे? आणि ती नसतील, तर लुगडे कशाला पुरे पडणार?

येथे नीतिरक्षक म्हणतील की, मद्य वाईट, म्हणून त्याची लाज वाटते हे चांगलेच. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत; त्यांच्या कळकळीविषयी आम्हांस आदर आहे. ज्यास मद्य पाप वाटते, त्याने ते बाळगू नये. परंतु बाळगावयाचे आणि वर नाकारावयाचे, ही लाज नीतीची कन्या नव्हे. ती भयाची बटीक आहे. तिने आजवर एकही पेला रिकामा राहिला नाही.

दुसरे आक्षेपक म्हणतील, हे सारे पश्चिमेचे खूळ. त्यांस आम्ही द्वारकेहून मुंबईच्या वाटेवर काही मैलांवर असलेल्या पांडवलेण्यांकडे पाहण्याची विनंती करतो. तेथील शिलालेखांत नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, म्हणजे भडोच, येथे केलेल्या दानधर्माचा उल्लेख आहे. त्याच भडोचच्या बंदरात इटलीचे मद्य उतरत असे, असे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो; आणि ते ज्या दुहाती मातीच्या कुंभांतून येई, त्यांची खापरे आमच्या नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. समुद्राच्या लाटा सोसून माती अखंड येत होती, कारण ती बांधणाऱ्यांना आपला माल लपवावयाचा नव्हता. काळाची थट्टा अशी की, ते भडोच आज दारूबंदीच्या राज्यात आहे.

आणि जपून नेण्याची कला आम्हांस अपरिचित थोडीच आहे? काशीहून गंगोदकाचा गडू आणणारी आमची आजी त्याचे तोंड डाख देऊन बंद करवून घेई. शेकडो कोस थेंब सांडत नसे. आमच्या निफाड-दिंडोरीचा शेतकरी युरोपास द्राक्षे धाडतो, तेव्हा मणी मण्यावर घासू नये म्हणून केवढी काळजी घेतो! त्याच मातीत पिकलेल्या दुसऱ्या जातीच्या द्राक्षांचा रस बाटलीत शिरला, की मात्र आमची सारी काळजी अब्रूकडे वळते.

तेव्हा ज्यास न्यावयाची असेल, त्याने बाटली सीलबंद घ्यावी. प्रत्येक निराळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावी. सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे जाड कपडा गुंडाळावा, मानेच्या पोकळीत विशेष. टणक बॅगेच्या मध्यभागी ठेवावी. काच काचेला वा भिंतीला लागू देऊ नये. बॅग हलवून पाहावी, आत आवाज होता कामा नये. दुकानदाराने खणांचा खोका दिल्यास फारच उत्तम. आणि सामान उचलणाऱ्यास तोंडाने सांगावे, "आत काच आहे."

हे शेवटचे वाक्य सर्वांत कठीण, हे आम्ही जाणतो. व्याह्यांसमक्ष ते उच्चारावयास छाती लागते. परंतु ते तीन शब्द त्या पहाटे द्वारकेवर कोणी उच्चारले असते, तर एका पोराचा हात वाचला असता. ज्यास ते उच्चारवत नाहीत, त्याने बाटली नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.