शिष्यावरून गुरूची किंमत?

मंडळी, इप मॅन कोण, असं कुणालाही विचारा. 'ब्रूस लीचे गुरू!' नाहीतर २००८ च्या सिनेमामुळे, 'एकट्याने दहा जपान्यांना लोळवणारे!' मला दोन्ही उत्तरांचा राग येतो.

दहा जपानी पटकथेतले, ते सोडून द्या. पहिलं उत्तर खरं, पण तोकडं. गुरूची किंमत एका नामवंत शिष्यावरून का करायची?

१८९३ साली फोशानच्या सुखवस्तू घरात जन्मलेले हे गृहस्थ १९४९ च्या सत्तांतराच्या सुमारास सारं सोडून हाँगकाँगला आले. १९५० मध्ये कोवलूनच्या हॉटेल कामगार संघटनेत विंग चुन शिकवू लागले, तेव्हा वय होतं ५६. आम्ही मास्तर त्या वयात पेन्शनचा हिशेब मांडतो! समोर कोण, तर हॉटेलात राबणारी माणसं. ब्रूस ली आला तो त्यानंतर काही वर्षांनी, आणि १९५९ मध्ये अमेरिकेला गेलाही. गुरूंचं शिकवणं मात्र चालूच राहिलं.

१९७२ मध्ये, मरणापूर्वी थोडेच दिवस, आजारी इप मॅननी विंग चुनचे मूळ क्रम कॅमेऱ्यासमोर करून दाखवले. पुढच्यांना चुकीचं शिकवलं जाऊ नये, एवढ्यासाठी! माझ्या लेखी त्यांच्यावरचा खरा सिनेमा तोच. ना मारामारी, ना पार्श्वसंगीत. थकलेलं शरीर आणि चोख धडा.

वर्गातला एक पोरगा कलेक्टर झाला म्हणून मास्तर मोठा, मग बाकीच्या एकोणसाठांना शिकवलं ते काय फुकट गेलं? सांगा बघू!