डब्याचा हिशेब आणि उत्पन्नाचा दाखला

बोईसरला आमच्या ओळखीची एक बाई तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना पोळीभाजीचे डबे देते. वीस डबे, सत्तर रुपयाला एक. परवा ती घाबरीघुबरी होऊन आली. "ताई, माझे लाडक्या बहिणीचे पैसे जाणार. फोनवर महिन्याला छत्तीस हजार आलेले दिसतात!"

कागद घेऊन बसलो. २६ दिवसांचे ३६,४०० रुपये, वर्षाचे चार लाखांच्या वर. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची मर्यादा आहे वर्षाला अडीच लाख, आणि तीही सगळ्या कुटुंबाची. मग घाबरणारच ना ती!

पण बायांनो, विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. पीठ, तेल, भाजी, गॅस, मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार असा डब्यामागे पन्नास रुपये तिचा खर्च. हातात उरतात वीस. म्हणजे महिन्याचे १०,४०० आणि वर्षाचे १,२४,८००. नवरा ठेकेदाराकडे दहा हजारांवर, त्याचे एक लाख वीस हजार. बेरीज २,४४,८००. बसली मर्यादेत!

पगारदाराकडे पगाराची चिठ्ठी असते. डबेवाली, शिवणकामवाली, पापड लाटणारी हिच्याकडे काय असतं? स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा अहवाल, त्यावर तहसीलदारांचा दाखला. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर या योजनेला दाखला लागत नाही. हिचं नाव मात्र अजून गावाकडे सासऱ्यांच्या कार्डात. म्हणून खर्चाची वही ठेवा, किराण्याच्या पावत्या टाकू नका. कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

खरी गोम पुढेच आहे. कंपनीतली आणखी दोन मुलं तिच्याकडे डबा मागताहेत. दोन डबे वाढले की वर्षाला १२,४८० रुपये जास्त, आणि बेरीज २,५७,२८० वर जाते. म्हणजे १८ हजार गेले! जास्त राबून साडेपाच हजारांचा तोटा. इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत आहे. तिथे ठरावीक रकमेपुढे एक पौंड कमावला की मदतीतून ५५ पेन्स कापतात, एकदम सगळं बंद करत नाहीत. आपल्याकडे उंबरठा ओलांडला की थेट खड्डा.

संजय गांधी निराधार योजनेत तर हा उंबरठा फारच खाली आहे. २०१९ मध्ये अनुदान ६०० वरून १००० झालं, २०२३ मध्ये १५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र २१ हजारांवरच राहिली. दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये! सातपाटीला टोपली घेऊन बसणारी विधवा बाई एवढे तर सकाळीच कमावते. मग तिला सांगितलं जातं, "मावशी, काहीच कमवत नाही असं लिहा." कष्ट करणाऱ्या बाईला खोटं लिहायला लावायचं, आणि उद्या पडताळणी झाली की तिलाच फसवी ठरवायचं, हा कुठला न्याय? मला तरी हे पटत नाही.

एकीकडे २०१५ पासून मुद्रा कर्ज घ्या, धंदा वाढवा म्हणून सांगायचं. कर्जाला गेलं की बँक उलाढाल मोठी दाखवायला सांगते, दाखल्याला गेलं की उत्पन्न लहान लागतं. दोन्हीकडे खरंच सांगायचं तर उलाढाल आणि नफा वेगवेगळे लिहा. आणखी एक, लाडकी बहीणमध्ये घरात कुणी आयकर भरणारं किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकी असलेलं चालत नाही. डबे पोचवायला जुना टेम्पो घ्यायचं मनात असेल, तर आधी हे विचारून घ्या.

आमच्या डबेवालीने वही सुरू केली आहे. त्या दोन मुलांना मात्र अजून हो म्हटलेलं नाही.