शहराबाहेरचे शहर

मुंबईच्या वास्तुवारशाची चर्चा बहुधा कमानी, घुमट आणि दर्शनी भिंतींपाशीच थांबते. मात्र ज्या बांधकामावाचून हे महानगर वाढूच शकले नसते, ते शहापूर तालुक्यात, तानसा नदीवर उभे आहे. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव वाढत्या वस्तीला अपुरे पडू लागल्यावर 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण हे दगडी गुरुत्व धरण आहे, म्हणजे पाण्याचा प्रचंड दाब ते केवळ स्वतःच्या वजनाने पेलते, आणि म्हणूनच त्याची भिंत तळाशी रुंद व माथ्याकडे निमुळती होत गेलेली आहे. जलाशय शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने, पंपाच्या साहाय्याविना, मुंबईकडे वाहते. उंचसखल मुलूख ओलांडत हा उतार अखंड राखणे ही त्या आराखड्यातील सर्वांत नाजूक कामगिरी होय, आणि ती भिंतीइतकीच कौतुकास पात्र आहे. मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की त्या हिरवळीखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे?

वारसा मोजताना महानगराची हद्द शहापूरपर्यंत नेणे आवश्यक आहे, कारण तानसा, मोडकसागर आणि भातसा ही जलाशयांची साखळी या डोंगराळ तालुक्यात सामावलेली असूनही त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि ही विषमतादेखील त्या रचनेच्या इतिहासाचाच भाग आहे.