दया आपली, ज्वारी त्याची

काष्टीच्या बाजारात एक शेतकरी म्हणाला, "पीक खाणारी हरणं मारू द्या." आमच्या मंडळातल्या बायकांनी कानांवर हात ठेवले, झालं! कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथ भगवान वरातीतून परतले. शिकार मलाही नकोच. १९७२च्या कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, पिकापायी मारता येत नाही, तेच बरं. पण कर्जतचं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. हरणं चरणार कुठे? शेजारच्या ज्वारीत. दया आपली, खर्च त्याचा, हा कुठला हिशेब? (कॉमर्सवाली ना मी!) सरकारी भरपाई पंचनामा झाल्यावर. पर्युषणातला आपला जीवदया निधी पांजरपोळाला जातो. यंदा निम्मा शेताच्या कुंपणाला द्या, असं मी मांडलंय. खजिनदारबाई अजून गप्प आहेत.